जीसिक्सपीडीचा रिपोर्ट: ‘नॉर्मल’ वाचून घडी घालू नका

जून उलटून पाऊस धरला की आमच्या शहाद्याच्या लॅबमध्ये जीसिक्सपीडीचे, म्हणजे तांबड्या रक्तपेशी सांभाळणाऱ्या एका एंझाइमच्या तपासणीचे, नमुने वाढायला लागतात. धडगाव, मोलगी, तोरणमाळकडून तापाचे पेशंट खाली उतरतात. गुजरातेत मजुरीला गेलेली कुटुंबं पेरणीला परतलेली असतात, त्यांच्याबरोबर तिकडचा तापही येतो. मलेरिया निघाला आणि तो व्हायवॅक्स जातीचा असला, तर प्रायमाक्विन ही त्यावरची गोळी सुरू करण्याआधी जाणकार डॉक्टर ही तपासणी मागतात. सगळेच मागत नाहीत, आणि ते मला फार लागतं. पण आज लिहिते आहे ती तपासणी झालेल्यांसाठी. रिपोर्ट हातात घ्यायचा, त्यावरचा एक शब्द वाचायचा आणि घडी घालून पिशवीत टाकायचा, असं बहुतेक जण करतात. त्यातही बायकांनी हे जरूर वाचावं. त्यांच्या बाबतीत तो एक शब्द सगळ्यात कमी सांगतो.

आधी हे एंझाइम करतं काय ते बघू. तांबड्या पेशीत ना केंद्रक असतं, ना मायटोकॉन्ड्रिया. दिवसरात्र ऑक्सिजन वाहताना तिच्या आत हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी पेशीलाच जाळणारी रसायनं तयार होत राहतात. ती निकामी करायला ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य लागतं, आणि वापरलेलं ग्लुटाथायोन पुन्हा कामाला लावायला एनएडीपीएच हे दुसरं द्रव्य लागतं. बाकीच्या पेशींना एनएडीपीएच मिळवण्याचे आणखीही मार्ग आहेत. तांबड्या पेशीला एकच, आणि त्या मार्गाची पहिलीच पायरी जीसिक्सपीडीच्या हातात: ते एनएडीपीपासून एनएडीपीएच बनवतं. ते कमी पडलं की रोजच्या दिवशी काही बिघडत नाही. प्रायमाक्विनसारखं औषध पोटात गेलं, की ते औषध पेशीतली जाळणारी रसायनं एकदम वाढवतं. मग हिमोग्लोबिनच्या गुठळ्या होऊन पेशीच्या आवरणाला आतून चिकटतात, आणि पेशी फुटायला लागतात. डोळे पिवळे, लघवी काळपट लाल, दम, थकवा.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. तांबडी पेशी हाडांच्या मगजातून रक्तात येते, आणि नवं प्रथिन बनवायची तिची सगळी यंत्रणा दोन-एक दिवसांत संपते. तिथून पुढचे जवळपास 120 दिवस तिने घरून आणलेल्या शिदोरीवर काढायचे असतात. शिळं झालेलं एंझाइम टाकून नवं बनवायची सोयच नाही.

‘जीन बिघडला म्हणजे एंझाइम बनत नाही,’ असं बारावी सायन्स झालेली मुलंसुद्धा मला सांगतात. या जीनमध्ये तसं होत नाही. जीसिक्सपीडी पूर्णपणे बंद पाडणारं म्युटेशन, म्हणजे जीनमधला बदल, घेऊन जगणारा पुरुष आजवर सापडलेला नाही. उंदरांमध्ये हा जीन पुरता बाद केला तेव्हा नर गर्भ पोटातच गेले. म्हणजे ज्याच्या रिपोर्टवर ‘डेफिशियंट’, म्हणजे एंझाइम कमी, असं आलंय त्याच्या शरीरातही हे एंझाइम बनतं. फक्त ते नीट घडलेलं नसतं.

आणि बिघडण्याच्याही तऱ्हा आहेत. हा जीन एक्स गुणसूत्राच्या टोकाला असतो आणि त्याच्यावरून 515 अमिनो आम्लांची साखळी तयार होते. माणसांत या जीनमधले 200 च्या वर वेगवेगळे बदल सापडलेत. बहुतेकांत सगळा फरक एका अक्षराचा आणि त्यामुळे एका अमिनो आम्लाचा. भारतात प्रामुख्याने तीन प्रकार दिसतात. मेडिटेरेनियन प्रकारात 188व्या जागी सेरीन हवं तिथे फेनिलॲलानिन येतं. त्यामुळे एंझाइमची घडी सैल पडते आणि ते पेशीत फार लवकर मोडतं. निरोगी माणसाच्या तांबड्या पेशीत हे एंझाइम निम्मं व्हायला सुमारे 62 दिवस लागतात, आफ्रिकेतल्या ए-मायनस प्रकारात सुमारे 13 दिवस, आणि मेडिटेरेनियनमध्ये तर काही तासच. मगजात बनताना ते बनलेलं असतं हो, पण पेशी रक्तात फिरायला लागेस्तोवर संपत आलेलं असतं.

दुसरा प्रकार ओरिसा. मध्य आणि पूर्व भारतातल्या आदिवासी समाजांत हाच जास्त आढळतो, 1995 साली त्याचं नेमकं वर्णन झालं. यात 44व्या जागी ॲलानिन जाऊन ग्लायसिन येतं. ही दोन्ही अमिनो आम्लं इतकी लहान आणि साधी, की या अदलाबदलीने काही फरक पडेल असं वाटतही नाही. पण ती जागा नेमकी एनएडीपी धरण्याच्या खाचेतली आहे. त्यामुळे एंझाइम टिकतं बऱ्यापैकी, पण एनएडीपीवरची त्याची पकड ढिली होते, आणि तेवढंच काम उरकायला त्याला पाचपट एनएडीपी लागतं. तिसरा केरळ-कल्याण, यातलं कल्याण म्हणजे आपलं मुंबईजवळचं. त्यात 317व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन असतं. तीन म्युटेशनं, आणि एंझाइम कमी पडण्याची कारणंही निरनिराळी. आमच्या रिपोर्टवर यातलं काहीच येत नाही. आम्ही जीन वाचत नाही, एंझाइमचं काम मोजतो.

पेशीच्या वयाचा आणि एंझाइमचा हा संबंध पहिल्यांदा उलगडला तो अमेरिकेत, 1950 च्या दशकात. इलिनॉयच्या एका तुरुंगात कैद्यांवर मलेरियाच्या औषधांच्या चाचण्या चालायच्या. कैद्यांवर असं काही करणं आज आपल्याला पटणार नाही, पटूही नये. तिथे काही जणांचं रक्त प्रायमाक्विनने फुटायचं, आणि गोळी चालूच ठेवली तर काही दिवसांनी फुटणं आपोआप थांबायचं. पेशींवर खूण करून तपासल्यावर कळलं, की फुटतात त्या म्हाताऱ्या पेशी. त्या संपल्या की उरलेल्या तरुण पेशींत एंझाइम पुरेसं असतं. यामागे जीसिक्सपीडीची कमतरता आहे, हे 1956 मध्ये जाहीर झालं. ज्यांचं रक्त फुटणं असं थांबलं ते ए-मायनसवाले होते. मेडिटेरेनियन प्रकारात तरुण पेशींतही एंझाइम नसल्यासारखंच, त्यामुळे तिथे ‘थांबेल आपोआप’ म्हणून गोळी चालू ठेवणं जिवावर बेतू शकतं.

आता बायकांकडे येते.

पुरुषाकडे एक्स एकच. त्यावरचा जीन नीट असेल तर एंझाइम नीट, नसेल तर सगळ्याच पेशींत कमी. म्हणून पुरुषाचा रिपोर्ट बहुधा स्पष्ट येतो, या बाजूला किंवा त्या बाजूला. बाईकडे एक्स दोन. दोन्ही चांगले, दोन्ही बदललेले, किंवा एक चांगला आणि एक बदललेला. हा तिसरा गट म्हणजे वाहक. वाहक बाईत एंझाइम बरोब्बर निम्मं असेल असं कागदावर वाटतं, पण शरीर तसा हिशोब ठेवत नाही. गर्भ अगदी लहान असताना प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद होतो, कोणता होईल याचा काही नेम नसतो, आणि त्या पेशीपासून पुढे झालेल्या सगळ्या पेशी तोच निर्णय पाळतात. मेरी लायन यांनी 1961 मध्ये उंदरांच्या रंगावरून हे मांडलं. पुढच्याच वर्षी अर्नेस्ट ब्यूटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसात दाखवलं, तेही याच जीसिक्सपीडीवरून. वाहक बाईच्या रक्तात दोन जातीच्या तांबड्या पेशी शेजारी शेजारी फिरतात, काही भरपूर एंझाइमच्या, काही जवळपास रिकाम्या. कुणात चांगल्या पेशी 80 टक्के, कुणात 25. दोन सख्ख्या बहिणी, दोघींची जीनची जोडी तीच, आणि एंझाइम एकीचं जवळजवळ नॉर्मल, दुसरीचं डेफिशियंट भावाइतकं कमी, असं होऊ शकतं.

आमच्याकडची साधी तपासणी या बायकांना कशी चुकवते ते सांगते. ती स्पॉट टेस्ट. रक्ताचा थेंब रसायनात मिसळायचा आणि ठरावीक वेळाने त्यातला एकेक ठिपका गाळण कागदावर टाकायचा. पहिला लगेच, मग पाच मिनिटांनी, मग दहा मिनिटांनी. ठिपके सुकले की मागच्या खोलीतला दिवा घालवून अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली कागद धरायचा. एंझाइम काम करत असेल तर एनएडीपीएच तयार होतं आणि ते त्या दिव्यात निळसर चमकतं. पहिला ठिपका सगळ्यांचाच अंधारा असतो. डेफिशियंट पुरुषाचे पुढचे दोन्हीही अंधारेच राहतात, तिथे डोळ्याला शंका येत नाही. वाहक बाईचा पाच मिनिटांचा ठिपका मंद उजळतो आणि दहा मिनिटांचा चक्क चमकतो. मग कागदावर काय लिहायचं? ‘नॉर्मल’. साधारण 30 टक्क्यांच्या खाली एंझाइम गेलं तरच ही तपासणी खात्रीने पकडते. 30 ते 70 टक्क्यांमधल्या बायका तिच्यातून सुटतात.

अशीच एक बाई आमच्याकडे आली होती. तळोद्याकडची, कपाशी वेचायला जाणारी, अंगावरचं मूल. दुसरीकडच्या स्पॉट टेस्टमध्ये नॉर्मल आली होती. प्रायमाक्विन सुरू झालं, आणि थोड्याच दिवसांत लघवी काळी आणि डोळे पिवळे. गोळी बंद करून डॉक्टरांनी तिला आमच्याकडे मोजणीच्या तपासणीला पाठवलं. या तपासणीत यंत्र 340 नॅनोमीटरवर एनएडीपीएच किती वेगाने वाढतंय ते मोजतं, आणि उत्तर दर ग्रॅम हिमोग्लोबिनमागे किती युनिट असं येतं. आकडा आला नॉर्मल! डॉक्टरांचा फोन, ‘अहो, मग हे रक्त फुटलं कशाने?’

वर शिदोरीचं म्हटलं ते इथे उपयोगी पडतं. तिच्या रिकाम्या आणि म्हाताऱ्या पेशी फुटून गेल्या होत्या. मगजाने भराभर कोवळ्या पेशी बाहेर सोडल्या होत्या, रेटिक्युलोसाइट काउंट चांगलाच चढलेला. कोवळ्या पेशीत एंझाइम ताजं असतं. त्या घडीला आम्ही मोजलं ते वाचलेल्या आणि नव्या पेशींचं एंझाइम, तिचं नेहमीचं नव्हे. म्हणून रिपोर्टच्या खाली मी लिहिलं, ‘रक्त फुटल्यानंतर लगेच घेतलेला नमुना, रेटिक्युलोसाइट वाढलेले, तीन महिन्यांनी पुन्हा तपासावे.’ ती परत आली, याचं सगळं श्रेय तिच्या गावच्या आशाताईचं, तिने बाजाराच्या गाडीत बसवून आणलं. तेव्हाचा आकडा नॉर्मलच्या निम्म्याच्याही खाली निघाला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. बाई असेल तर मोजणीची तपासणी मागा. ती जमत नसेल, तर ‘नॉर्मल’ रिपोर्ट घेऊनसुद्धा गोळ्या चालू असेपर्यंत लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवा आणि बदल दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त फुटल्यावर, रक्त चढवल्यावर लगेच झालेल्या रिपोर्टवर विसंबू नका. आकड्याशेजारी त्या किटची नॉर्मल रेंज छापलेली असते, ती बघा. दुसऱ्या लॅबच्या आकड्याशी तुलना करू नका.

याचा अर्थ प्रायमाक्विन वाईट, असा मात्र काढू नका. व्हायवॅक्सचा जंतू यकृतात झोपून राहतो आणि महिन्यांनी पुन्हा उठतो. त्याला तिथून काढायला रोजची गोळी 14 दिवस घ्यावीच लागते. एंझाइम कमी असलेल्यांसाठी दुसरी पद्धत आहे, जास्त मात्रेची गोळी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, डॉक्टरांच्या नजरेखाली. म्हणजे आकडा कळला तर वाट निघते. टाफेनोक्विन हे एका मात्रेचं नवं औषध आहे, ते तर एंझाइम 70 टक्क्यांच्या वर असल्याची मोजून खात्री झाल्याशिवाय देताच येत नाही, कारण एकदा पोटात गेलं की ते अंगातून निघायला आठवडे लागतात.

रिपोर्ट घरी गेला की दुसरंच सुरू होतं. मुलगा डेफिशियंट निघाला की सासू विचारते, ‘म्हणजे हे सुनेकडून आलं ना?’ मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, ही गोष्ट खरी आहे आणि मी ती लपवत नाही. पण पुढचंही त्याच दमात सांगते. त्या आईला तो तिच्या वडिलांकडून किंवा आईकडून आला, तिने काही केलं नाही. आणि घरातला मुलगा उद्या बाप झाला की त्याच्या प्रत्येक मुलीत तो जाणार, मुलात एकाही नाही. सिकलसेल आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, त्यामुळे लोक तोच नियम इकडे लावतात. सिकलसेल हिमोग्लोबिनचा, तो आई आणि वडील दोघांकडून आला तरच आजार होतो. याचा हिशोब निराळा.

आपल्या भागात मामाची मुलगी करायची रीत अजून बऱ्याच घरांत आहे, म्हणून हेही सांगते. मामा डेफिशियंट असला तर त्याची प्रत्येक मुलगी वाहक असतेच. तिचं लग्न आतेभावाशी झालं, आणि तोही आईकडून तोच जीन घेऊन डेफिशियंट असला, तर त्यांच्या मुलींपैकी निम्म्यांत दोन्ही एक्स बदललेले येण्याची शक्यता असते. मग त्या मुलीचं एंझाइम पुरुषाइतकंच कमी. लग्न मोडा असं मी कुणालाच सांगत नाही, त्याची गरजही नाही. मुली झाल्यावर त्यांची तपासणी करा, एवढंच.

हा ‘आदिवासींचा आजार’ आहे, असं शहाद्यातली शिकलेली माणसंसुद्धा माझ्यासमोर बोलतात तेव्हा राग येतो. भारतातली सुरुवातीची नोंद मुंबईच्या पारशी समाजातली आहे, 1963 सालची. जगात 40 कोटींच्या आसपास लोकांत ही कमतरता असावी, आणि ती जास्त आहे ती शतकानुशतकं मलेरिया असलेल्या मुलखांत, कारण कमी एंझाइमच्या पेशीत मलेरियाच्या जंतूला नीट वाढता येत नाही. सातपुड्यातल्या माणसांच्या रक्तात ते आहे, कारण त्यांच्या पूर्वजांनी मलेरियाशी झुंज दिली.

खाण्याचंही बोलते. डेफिशियंट मुलांच्या आयांच्या मोबाइलवर एक यादी फिरते: सगळ्या डाळी बंद, सगळे शेंगवर्गीय पदार्थ बंद. एका आईने पोराचं वरण तोडलं, कळण्याची भाकरी तोडली, का तर तिच्यात उडीद असतो. मूल नुसत्या तांदळावर. तिने मला काकुळतीने विचारलं, ‘ताई, दाय खावाले चाली का?’ चाली, मावशी, बिनधास्त द्या. रक्त फोडतो तो बाकला, उत्तर भारतात पिकणारा जाड दाण्याचा. त्यात व्हिसिन आणि कॉन्व्हिसिन ही द्रव्यं असतात. तूर, मूग, उडीद, हरभरा, मठ, चवळी हे आपले रोजचे प्रकार त्यासाठी तोडायचं कारण नाही. आपला वालसुद्धा बाकला नव्हे. खानदेशातल्या पोराला फुणके आणि दाळबट्टी बंद करायची, तर आधी त्याला अशक्तपणा येईल.

घरातली खरी धोक्याची वस्तू म्हणजे पेटीतल्या डांबराच्या गोळ्या. पहिल्या बाळाची झबली, टोपडी, दुपटी आपण धुऊन जपून ठेवतो आणि कसर लागू नये म्हणून त्यात या गोळ्या टाकतो. दुसरं बाळ झालं की पेटी उघडून तेच कपडे थेट त्याच्या अंगावर. या गोळ्यांतलं नॅफ्थॅलिन बाळाच्या नाकातोंडातून आणि कातडीतून आत जातं. बाळात हे एंझाइम कमी असेल तर रक्त फुटून कावीळ चढते, आणि नवजात बाळाची चढलेली कावीळ मेंदूला कायमची इजा करू शकते. नुसतं धुऊन भागत नाही, वास राहतो तोवर ते कपडे वापरू नका. त्यापेक्षा गोळ्या घालूच नका, कडुनिंबाचा सुकलेला पाला घाला.

घरात एक जण डेफिशियंट निघाला तर आणखी कुणाला आणायचं, हेही विचारतात. मुलगा असेल तर त्याची आई, सख्खे भाऊ, बहिणी, मामा, मावशी आणि मावशीची मुलं. त्याच्या वडिलांच्या बाजूचे भाऊबंद यासाठी आणायची गरज नाही. डेफिशियंट पुरुषाच्या मुली मात्र सगळ्या आणा. नमुना जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतात, उपाशीपोटी यायची गरज नसते. दुसऱ्या गावाहून पाठवणार असाल तर बर्फाच्या डब्यात पाठवा, पण गोठू देऊ नका. आणि रिपोर्टची झेरॉक्स काढून आधार कार्डाच्या पाकिटातच ठेवा, म्हणजे सुरतेत किंवा नाशकात अचानक ताप भरला तरी ती डॉक्टरच्या टेबलावर पोहोचेल.